सेवेला जाताना पाहुणे व्हा

शास्त्रपाठ : लूक 10:1-20



सुटी जवळ आली की आमच्या बेळगुंदीत शब्बाथशाळेची मुले एकच प्रश्न विचारतात, "सर, यंदा सहल कुठे?" राकसकोपचे धरण तर त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. काही वर्षांपूर्वी आम्ही ठरविले की, सहल नुसती पाहण्याची नको, तिच्यात सेवाही घडावी. म्हणून तरुणांना घेऊन आम्ही निपाणीला गेलो. गाडीत वह्या, जुने कपडे व बिस्किटांचे पुडे भरले होते. विड्या वळणाऱ्या बायांच्या एका वस्तीत उतरलो, गीते गायिली, वाटप केले, प्रार्थना केली, फोटो काढले.

निघताना एका वयस्क बाईंनी मला बाजूला बोलाविले. सूप अजून त्यांच्या मांडीवरच होते. त्या म्हणाल्या, "मास्तर, पोरं गुणाची हाईत. पण तुम्ही आल्यापास्नं आमचं हात थांबल्यात. आमची मजुरी हजारावर असती. आजची कोण देणार?"

मला उत्तर सुचले नाही. एक वही हातात ठेवून आम्ही त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी घेऊन चाललो होतो! परतताना गाडीत मुले गात होती. मी मात्र गप्प होतो. घरी येऊन लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडला. तेथे प्रभूने सत्तर जणांना जोडीजोडीने गावोगाव पाठविल्याचे वर्णन आहे. त्यातून मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली गोष्ट, प्रभूने त्यांना रिकाम्या हातांनी पाठविले. थैली नाही, झोळी नाही, वहाणाही नाहीत. असे का? भरल्या हातांनी जाणारा माणूस दाता होऊन उभा राहतो. रिकाम्या हातांनी जाणाऱ्याला दार ठोठवावे लागते, विचारावे लागते, दुसऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. प्रभूने आपल्या सेवकांना आधी पाहुणे केले.

नगर जिल्ह्यातील डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दाम्पत्याचे उदाहरण घ्या. वेल्लोरला व पुढे अमेरिकेत शिकून ते 1970 साली जामखेडला आले. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते साधले नाही. मग गावातल्याच बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. 1979 साली ह्या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई 1999 साली व डॉक्टर 2011 साली प्रभूकडे गेले, पण काम चालू आहे. देशोदेशींचे विद्यार्थी आजही जामखेडला येतात आणि त्यांना शिकविणाऱ्यांत ह्या खेड्यातल्या बायाही असतात. त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातील झुंबरे दाखवून त्यांनी सांगितले की, मोठे डॉक्टर असे असतात, सुंदर पण महाग व दूर. मग आपल्याजवळची साधी वातीची दिवली पुढे केली. ती स्वस्त असते, घरोघर नेता येते आणि तिच्यावरून दुसरी पेटविता येते. बंधुजनहो, त्या दिवशी गुरू कोण होते व शिष्य कोण?

दुसरी गोष्ट, प्रभूने सांगितले की, एकाच घरी राहा, घरे बदलीत फिरू नका आणि पुढे वाढतील ते खा. म्हणजे ओळख होईपर्यंत थांबा. निपाणीचाच एक दाखला आहे. तंबाखूच्या वखारींतील कामकरी स्त्रिया संघटित होत असताना 'युगांतर' नावाच्या गटातील स्त्रिया त्यांच्यावर लघुपट काढण्यास आल्या. तो 1982 साली पुरा झाला. परंतु त्यासाठी त्या चार महिने कामगार स्त्रियांच्या सहवासात राहिल्या, त्यांचे ऐकून घेतले आणि त्यांच्याशी विचारविनिमय करून चित्रण केले. जगाच्या लोकांना जे कळले, ते आपल्या मंडळीला कळू नये काय?

पुढच्या वर्षी आम्ही वाटपाचे सामान नेले नाही. दोन महिने आधी तिघे जण त्या वस्तीतील बायांच्या संघटनेकडे गेलो आणि विचारले, "आमच्या मुलांना दोन दिवस तुमच्याकडे शिकायला ठेवून घ्याल का? आमच्याकडून तुमचे काही काम होईल का?" त्यांनी आपापसांत बोलून सांगितले, "सांजच्याला या. कागदं वाचून द्या."

विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला होता. 1976 च्या कल्याण निधीच्या कायद्यामुळे त्यांच्या मुलांना शिष्यवृत्तीची सोय झाली. पण ओळखपत्र, पासबुक व शाळेचा दाखला ह्यांत नावे जुळली नाहीत, तर अर्ज अडतो. त्यात आपला हा सीमाभाग. काही कागद कन्नडमध्ये, काही इंग्रजीत आणि बाया मराठी बोलणाऱ्या. आमची मुले कन्नड वाचतात. ह्या गुणाचा सेवेत उपयोग होईल असे आम्हांला कधी वाटले नव्हते! दिवसा मुले बायांजवळ बसून त्यांचे जीवन समजून घेत. एका मुलीने पान कापून पाहिले. तासाभरात तिला पंचवीस पानेही नीट कापता आली नाहीत. तेव्हा 'हजार' ह्या शब्दाचा अर्थ तिला उमगला. दुपारी त्यांनी वाढलेली भाकरी व झुणका सर्वांनी खाल्ला. एकाने घरून डबा आणला होता. तो त्याने उघडलाच नाही.

तिसरी गोष्ट, ते सत्तर जण परत आले व त्यांनी घडलेले सर्व प्रभूला सांगितले. प्रभूने त्यांचे ऐकून घेतले आणि त्यांचा आनंद योग्य ठिकाणी वळविला. आपला पराक्रम नव्हे, तर आपली नावे स्वर्गात लिहिलेली आहेत, हा आनंद माना, असे तो म्हणाला. आम्हीही त्या रात्री गोल करून बसलो. एक मुलगा अभिमानाने म्हणाला, "आपण चौदा अर्ज भरले." मी विचारले, "आणि तुला काय मिळाले?" तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "त्या आजींनी माझे नाव विचारून घेतले. मी मात्र त्यांचे विचारले नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तो सर्वांआधी वस्तीत गेला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, पुढच्या सहलीची तयारी करताना गाडी ठरविण्याआधी त्या गावी जाऊन या. तेथे काम करणाऱ्यांना विचारा. त्यांच्या वेळेप्रमाणे, त्यांनी सांगितलेलेच काम करा. संध्याकाळी मुलांना बोलते करा आणि पुढच्या वर्षी त्याच दाराशी पुन्हा जा.

जो आपल्यामध्ये राहावयास आला, ज्याने शमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, तो प्रभू आपल्याला मागावयास व ऐकावयास शिकवो. आमेन.