सोसण्याची सीमा

ठोसे सोसण्याची शक्ती सरावाने वाढते काय? काही अंशी वाढते. मुष्टियोद्धे मान बळकट करतात, हनुवटी छातीशी धरतात, येणारा ठोसा हेरून त्याच्या ओघात डोके वळवतात आणि त्याचा जोर कमी करतात. १९७४ साली किन्शासा येथे महंमद अलीने दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे प्रहार झेलले, त्याला दमवले व आठव्या फेरीत लोळवले. जगाने त्या सोशिकतेचे कौतुक केले.

परंतु मान कमावता येते, मेंदू कमावता येत नाही. कवटीच्या आत तो प्रत्येक आघाताने हादरतो. मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल आणि मंदावलेली बुद्धी यांविषयी डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच लिहिले होते.

तेव्हा ‘तो सोसू शकतो’ एवढ्यावरून त्याला सोसू द्यावे काय? १९७५ साली मनिला येथे जो फ्रेझियरला शेवटची, पंधरावी फेरी लढायची होती. डोळे सुजून त्याला दिसेनासे झाले होते. प्रशिक्षक एडी फच यांनी त्याचा विरोध न जुमानता लढत थांबवली. फ्रेझियर हरला. आम्हांस मात्र वाटते, त्या दिवशी त्याच्यावर खरी माया कोणी केली असेल, तर ती फच यांनीच. सोसणारा स्वतः थांबत नाही. त्याला थांबवणे हे जवळच्यांचे कर्तव्य असते.