जखम भरण्याचीही एक मर्यादा असते



मानवी जनुकांत हस्तक्षेप करून रोग टाळणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ करणे होय काय? या प्रश्नाचा विचार आपण एका ठोस उदाहरणाच्या आधारे करू.

हृदयाच्या धमनीत अडथळा आला की अँजिओप्लास्टी करतात, हे आज घरोघरी ठाऊक आहे. १९७७ मध्ये झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या धमनीवर ती प्रथम केली. फुग्याने धमनी रुंद करताना तिच्या अस्तराला इजा होते. शरीर लगेच ती जखम भरू लागते. भिंतीतील स्नायुपेशी वाढतात, आतल्या बाजूस सरकतात आणि काही महिन्यांत तोच मार्ग पुन्हा अरुंद होऊ शकतो. केवळ फुगा वापरला जाई, त्या काळी साधारणतः तीनपैकी एका रुग्णाच्या वाट्याला हे येई.

१९९४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी यावर जनुकीय उपाय मांडला. त्यांनी डुकरांच्या इजा झालेल्या धमनीत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत एक जनुक पोहोचवले. त्यानंतर दिलेले औषध ते जनुक असलेल्या, विभाजन पावणाऱ्या पेशींमध्येच विषारी रूप घेई, आणि ही अनावर वाढ घटली. डुकराचे नाव वाचून दचकू नये. तो प्रयोगातील प्राणी होता, औषधाचा घटक नव्हे.

आता विचार करा. येथे शत्रू बाहेरून आलेला नाही. जखम भरणे ही तर अल्लाहची रहमत. ती रोखणे कृतघ्नपणा ठरेल काय? सूरह रहमानमध्ये आकाश उंचावल्याच्या उल्लेखासोबतच मीज़ान, म्हणजे तराजू, प्रस्थापित केल्याचा उल्लेख येतो आणि त्या तोलाचे उल्लंघन न करण्याची ताकीदही. चांगली गोष्टसुद्धा तोल सोडून वाढली की घातक ठरते. अशा वाढीला आवर घालणे हा निर्मितीशी झगडा नव्हे. ते बिघडलेला तोल सावरणे आहे.

आक्षेप घेणारे सूरह निसाच्या ११९ व्या आयतीकडे बोट दाखवतात. तेथे, आपण माणसांना अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावू, अशी शैतानाची प्रतिज्ञा आहे. परंतु त्याच आयतीत जनावरांचे कान चिरण्याच्या अंधश्रद्ध प्रथेचाही उल्लेख आहे. निषेध आहे तो भ्रमापोटी केलेल्या विकृतीचा. उपचाराचे उदाहरण हवे असेल तर हज़रत अर्फजा (रज़ि.) यांचे पाहा. युद्धात त्यांचे नाक कापले गेले. चांदीचे बसवलेले नाक दुर्गंधी देऊ लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असूनही! जे हरवले ते परत मिळवणे वेगळे, आणि जे दिले त्यावर नाराज होऊन ते बदलणे वेगळे.

याच भेदावर १९९८ मध्ये मक्केतील फिकह परिषदेने रोगाचा प्रतिबंध वा उपचार यांसाठी जनुकशास्त्राचा उपयोग, अधिक मोठी हानी होत नसेल तर, मान्य केला. मानवी व्यक्तिमत्त्वाशी खेळ मात्र अमान्य केला. धमनीच्या भिंतीत केलेला उपचार त्या भिंतीपुरता राहावा, हाच हेतू असतो. बीजपेशींतील बदल मात्र पिढ्यान्पिढ्या जातो, आणि ज्यांना तो भोगावा लागेल त्यांची संमती आपण आज घेऊ शकत नाही. म्हणून दोहोंना एकच निवाडा लागू करता येत नाही.

तथापि, वाचकहो, तत्त्वतः जायज़ असणे आणि आज हितावह असणे यांत अंतर आहे. बायपाससाठी वापरलेल्या शिरांमध्ये अशीच वाढ होऊ नये म्हणून कृत्रिम डीएनएचा प्रयोग तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झाला. २००५ मध्ये निष्कर्ष आला की लाभ नाही. पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेल्या स्टेंटने मात्र पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण पुष्कळ घटवले. १९९९ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एका विकारावरील जनुकीय प्रयोगात १८ वर्षांचा एक तरुण दगावला. आहार व औषधांवर त्याचा विकार आटोक्यात होता. आधीच्या दुष्परिणामांची पुरेशी माहिती त्याला दिली गेली नव्हती, असे चौकशीत पुढे आले.

खरा नैतिक प्रश्न येथे आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ज्याला ते सोपवले, त्याला अंधारात ठेवून त्यावर प्रयोग करणे ही खियानत होय, मग हेतू कितीही उदात्त असो. आणि गरिबाला मोफत उपचाराच्या आशेने सही करायला लावणे ही संमती नव्हे, ती लाचारी आहे.

म्हणून उद्या आपल्या घरातील वडीलधाऱ्यांसमोर असा कागद आला, तर केवळ ‘हे हलाल आहे का’ एवढेच विचारून थांबू नका. हा सिद्ध इलाज आहे की प्रयोग? दुसरा मार्ग आहे का? हानी झाली तर जबाबदार कोण? हे तीन प्रश्न विचारणे म्हणजे तवक्कुल सोडणे नव्हे. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. शिफा देणारा अल्लाहच आहे. विचारपूस करण्याची बुद्धीही त्यानेच दिली आहे.