आधी कोण जेवलं?

इंझोरीसारख्या गावात सप्त्याचा काला झाला की पंगती उठतात. रोजानं सोयाबीन सोंगायला गेलेली माणसं अंधार पडल्यावर परततात, तोवर भाजीचा गंज तळाला लागलेला असतो. हे ज्यानं पाहिलंय, त्याला ख्रिस्ती प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र समजायला पंडित लागत नाही.

इ.स. 54च्या आसपासचं ते पत्र. तेव्हा प्रभुभोजन हा ख्रिस्ती विधी म्हणजे खरोखरचं जेवण असे. करिंथमध्ये एक उपाशी राही, तर दुसरा पिऊन झिंगे. उशिरा येणारे बहुधा राबणारे, त्यांत गुलामही. पौल भडकला आणि शेवटी त्यानं साधा हुकूम दिला, की एकमेकांसाठी थांबा. त्याआधी यरुशलेममध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलल्याची ओरड झाली, तेव्हा सात माणसं नेमावी लागली. 'डिडाखे' ही जुनी ख्रिस्ती नियमावली तर उपदेशकांवरही नजर ठेवते: तीन दिवस मुक्काम ठोकणारा किंवा पैसे मागणारा खोटा समजावा! (हा नियम आज लावला तर कितीजण उरतील?)

प्रेमाची शिकवण कुठल्या धर्मात नाही? मला मोल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. या पहिल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःची भांडणं लपवली नाहीत. ती धर्मग्रंथात जपली आणि पिढ्यान्‌पिढ्या मोठ्यानं वाचली.

आपल्याकडे काय झालं? 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला, नावं छापून आली आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं. करिंथकरांनी बोलणी खाल्ली ती दुसऱ्यांना सोडून जेवल्याबद्दल. पुणेकरांना प्रायश्चित्त पडलं ते दुसऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल. बाप्तिस्म्यानंही जात आपोआप धुतली जात नव्हती. ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याकडे आल्यावरही लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळं लगेच सोडलं नाही, आणि 'स्मृतिचित्रे'त त्या ते झाकतही नाहीत. तो प्रामाणिकपणा मला थेट करिंथच्या पत्राच्या जातकुळीचा वाटतो.

त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं बरोबरीची जागा होती. मिशनच्या चौकटीबाहेर पडून पहिल्या शतकाच्या सर्वांत जवळ गेलेला मराठी प्रयोग मी यालाच मानतो. 9 मे 1919 ला टिळक वारले. त्यांच्यामागे दरबार फार काळ चालला नाही.