मूढ म्हणजे नेमकं कोण?



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या ११ व्या श्लोकावर. भगवंत सांगतात, मी मनुष्यदेहात असतो तेव्हा मूढ लोक मला ओळखत नाहीत, उलट माझी अवहेलना करतात.

‘मूढ’ म्हटलं की आपल्याला सरळ ‘मूर्ख’ ऐकू येतं. पण हा शब्द ‘मुह्’ धातूचा. ‘मोह’ त्यातलाच, आणि गंमत म्हणजे ‘मुग्ध’सुद्धा. म्हणजे मूढाला बुद्धी नसते असं नाही, ती वरवरच्या दिसण्यात अडकलेली असते. माउलींनी इथे दृष्टांतही आजारी माणसाचे घेतलेत. कावीळ झाली की चांदणं पिवळं दिसतं, ताप आला की दूध कडू लागतं. बिघाड चांदण्यात नाही आणि दुधातही नाही.

आमच्या खान्देशात, जळगावजवळच्या नशिराबादला झिपरू अण्णा होऊन गेले. दिगंबर अवधूत. स्वामी मुक्तानंदांनी लिहून ठेवलंय की अण्णा त्यांना घाणीच्या ढिगावर बसलेले दिसले. इथे का बसता, असं विचारल्यावर अण्णांच्या उत्तराचा भाव असा होता की माणसाच्या आतली घाण याहून वाईट आहे. याच अण्णांनी मुक्तानंदांना गणेशपुरीला, नित्यानंदांकडे पाठवलं.

आता खरं सांगा मित्रांनो, त्या रस्त्याने आपण गेलो असतो तर काय दिसलं असतं? अण्णा, की नुसता ढीग? मला माझी खात्री देता येत नाही.

मग उकिरड्यावर बसलेला प्रत्येक माणूस संत का? तसंही नाही. विचित्र वागणं बघून लगेच पाया पडणं हासुद्धा मोहच. नाक मुरडणारा आणि लोटांगण घालणारा, दोघंही वरचंच बघतात. त्या माणसाला कदाचित भूक लागली असेल, औषध हवं असेल. तो संत आहे की नाही हे आपल्याला कळणार नाही. पण ईश्वर सर्वांच्या हृदयात आहे, हे त्याच गीतेने अठराव्या अध्यायात सांगितलंय. मग “जेवलात का?” एवढं विचारायला ओळख कशाला लागते?

आपण मात्र ‘मूढ’ हा शब्द दुसऱ्यांसाठीच राखून ठेवतो. आपल्या देवाला न मानणारा मूढ, आपल्या महाराजांवर शंका घेणारा मूढ! माझ्या मते हा शब्द शिवी नाही, आरसा आहे.

आज दिवसभरात ज्याच्याबद्दल पहिल्या नजरेत मत बनेल, त्याच्याकडे पुन्हा एकदा बघूया. तेवढाच आजचा पाठ.

जय हरी!