समासातील सहमती

निपाणीचा विद्यार्थी दोन विद्यापीठांच्या उंबरठ्यावर वाढतो. गावातील बागेवाडी महाविद्यालय २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत आहे. गावाला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. इंग्रजी विषय घेतलेली माझी पुतणी व तिच्या मैत्रिणी या दोन्हीकडच्या आहेत. संध्याकाळी आपापल्या घरी बसून त्या संगणकावर एकच इंग्रजी पाठ उघडतात. एकीने समासात अर्थ लिहिला की तो तत्क्षणी सर्वांना दिसतो.

सामूहिक वाचन आपल्याला नवे नाही. पारायणात एक वाचतो, इतर ऐकतात. येथे मात्र प्रत्येकाने लिहावे अशी अपेक्षा असते. पुतणी मराठी माध्यमातून आलेली. एकदा ती म्हणाली, "काका, पाठ कळला, पण समासात माझे एक अक्षर नाही. मग तो मला कळला असे म्हणू का?"

या प्रश्नाने मला माझी नोकरी आठवली. शासकीय सेवेत रुजू झालो तेव्हा माझे कन्नड कच्चे होते. शेजारचे कन्नड सहकारी फाईलमधील ओळ न् ओळ समजावून देत. ती उसनी समज हळूहळू माझी झाली. त्याचे ऋण मी आजही मानतो. पण एकदा घाईत, मूळ कागद न पाहताच, त्यांच्या टिपणीखाली मी 'सहमत' लिहून सही केली. टिपणीत सर्व्हे नंबर चुकला होता. एका शेतकऱ्याला कित्येक महिने हेलपाटे पडले. टिपणी त्यांची होती, सही माझी.

समज उसनी असण्यात दोष नाही. आपली भाषासुद्धा आपण उसनीच घेतलेली असते. दोष आहे तो मूळ मजकुराशी ताडून न पाहता तिला आपली म्हणण्यात. शिवाय न कळलेला माणूस गप्प राहिला की एकाची चूक सर्वांचे मत बनते. म्हणून शंका नोंदवणे हेही समूहाचे ऋण फेडणेच होय.

यावर कोणी म्हणेल, इंग्रजी माध्यमातील मुलाला लिहिणे सोपे. इतरांची चूक मात्र चारचौघांत उघडी पडते. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अधिक जबाबदारी जाणत्यांची. ज्या समासात चूक हसण्यावारी नेली जाते, तेथे केवळ सहमतीच उरते. टिपणांना गुण देण्याची सोय आता संगणकावर आहे. पण गुणांनी टिपणे वाढतील, धीर वाढेलच असे नाही.

परवा पुतणीने समासात पहिली ओळ लिहिली. या वाक्यातील 'ते' म्हणजे कोण, एवढाच प्रश्न. तासाभराने खाली दोघींनी लिहिले, आम्हालाही कळले नव्हते.