श्रेष्ठ म्हणताना

जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचं एम.ए. करत होते, तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत एक मल्याळी मैत्रीण होती. बुद्धदेव बसूंनी १९५६ साली उभ्या केलेल्या त्या विभागात दिवसभर आम्ही शाकुंतल आणि गटे, महाकाव्य आणि कादंबरी अशा तुलना करायचो. रात्री जेवणं आटोपली की तिच्या जुन्या संगणकासमोर बसून ‘स्टार ट्रेक’ पाहायचो. कुणाकुणाकडून उतरवून आणलेल्या सीडी असत. मध्येच चित्र अडकायचं, आणि चित्र अडकलं की आमचा वाद सुरू व्हायचा. वाद दोन वर्षं एकच होता : या मालिकेचा सर्वोत्तम भाग कोणता?

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अवकाशात फिरणारं एक यान, त्यावरची माणसं, आणि दर भागात एक नवा ग्रह किंवा नवा पेच, असा तिचा मूळ साचा. अमेरिकन टीव्हीवर ती १९६६ साली सुरू झाली आणि तीन हंगामांत बंद पडली. पण पुढे तिच्या पोटातून एकामागून एक मालिका निघत राहिल्या, त्या थेट आजपर्यंत. भागांची संख्या आता कित्येक शेकड्यांत आहे. तरी चाहते वाद घालायला बसले की फिरून फिरून तीच चार-सहा नावं पुढे येतात. आमच्या खोलीत मुख्यतः दोन होती.

माझा भाग होता ‘द इनर लाइट’, १९९२ सालचा. कॅप्टन पिकार्ड यानावरच बेशुद्ध पडतो आणि एका अनोळखी गावात, अनोळखी बायकोच्या घरात जागा होतो. सगळे त्याला कामिन म्हणतात. आधी तो झगडतो, मग रुळतो. मुलं होतात, नातवंड होतं, बायको जाते, तो बासरी शिकतो. त्या ग्रहावर दुष्काळ वाढत चाललेला आहे, कारण त्यांचा सूर्यच मरणपंथाला लागला आहे. शेवटी कळतं की तो ग्रह हजार वर्षांपूर्वीच नष्ट झालाय. आम्ही होतो, एवढं कुणाला तरी कळावं म्हणून तिथल्या लोकांनी एक यंत्र आकाशात सोडून दिलं होतं. ते पिकार्डला भेटलं. यानावर जेमतेम पंचवीस मिनिटं गेली. तो मात्र म्हातारा होईपर्यंत जगून परत आला. हातात उरते ती बासरी, आणि ती त्याला वाजवता येते.

तिचा भाग होता ‘इन द पेल मूनलाइट’, १९९८ सालचा. ‘डीप स्पेस नाइन’ या शाखेतला. महायुद्ध चालू आहे, आपली बाजू हरते आहे, दर आठवड्याला मृतांच्या याद्या येताहेत. रोम्युलन नावाचं बलाढ्य साम्राज्य तटस्थ बसून आहे. ते आपल्या बाजूनं उतरलं तर युद्ध फिरेल. कॅप्टन सिस्को ठरवतो की त्यांना खोटा पुरावा दाखवायचा. त्यासाठी गारक नावाच्या जुन्या हेराची मदत घेतो, एका गुन्हेगाराकडून बनावट ध्वनिचित्रण करवून घेतो, लाच देतो. रोम्युलन सिनेटर ती बनवाबनवी ओळखतो. परत जाताना त्याच्या यानात स्फोट होतो. तो गारकनं घडवलेला असतो आणि संशय शत्रूवर जातो. रोम्युलन युद्धात उतरतात. ही सगळी हकिगत सिस्को आपल्या खासगी नोंदवहीत, थेट आपल्याकडे बघत सांगतो. शेवटी म्हणतो की हे ओझं घेऊन मी जगू शकतो. ते दोनदा म्हणतो. मग नोंद पुसून टाकायला सांगतो.

माझं म्हणणं असायचं की हा भाग अप्रामाणिक आहे. सत्तेत बसलेला प्रत्येक खोटारडा असंच म्हणत आला आहे : नाइलाज होता, लाखो जीव वाचले, मला त्रास झाला. त्रास झाला की पाप धुऊन निघतं अशी सोय हा भाग प्रेक्षकाला करून देतो. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, ‘‘तुला पिकार्ड आवडतो, कारण त्याला काही ठरवावंच लागत नाही. त्याला फक्त आठवायचंय.’’ यावर मला कधी चांगलं उत्तर सुचलं नाही. मग मी आवाज चढवायचे.

वर्गात त्याच सुमारास कांट चालू होता. १७९० सालच्या ‘क्रिटीक ऑफ जजमेंट’मध्ये तो एक साधा भेद करतो. कॅनरी बेटांची दारू छान आहे असं कुणी म्हणालं आणि दुसऱ्यानं दुरुस्त केलं की ‘तुला छान लागते असं म्हण’, तर पहिला माणूस ते खुशाल मान्य करतो. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हटल्यावर हीच दुरुस्ती चालत नाही. सुंदर म्हणणारा नुसती स्वतःची आवड सांगत नसतो. तुलाही हे पटायला हवं, असा त्याचा आग्रह असतो. सिद्ध करायला नियम कुठलाच नाही, आणि आग्रह तर सोडवत नाही.

चाहत्यांचा वाद नेमका याच जागी उभा असतो. ‘मला आवडतो’ म्हणून तो मिटवता येतो, पण तसं म्हणणारा हरलाच असं सगळे समजतात. ‘आवडतो’ला कारण द्यावं लागत नाही, ‘श्रेष्ठ आहे’ म्हटलं की कारणं द्यायची जबाबदारी येते. आणि ती कारणं अशी हवीत की ज्याचं आयुष्य आपल्यासारखं नाही, ज्याची भाषा आपली नाही, त्यालाही ती तपासून पाहता यावीत. एका मराठी आणि एका मल्याळी मुलीनं कोलकात्यात बसून एका अमेरिकन मालिकेबद्दल इंग्रजीत भांडावं, यात कांट म्हणतो तो आग्रह पुरेपूर होता.

निकाल मात्र मतमोजणीनं लागत नाही, पुरस्कारांनीही नाही. मूळ मालिकेतला १९६७ सालचा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ हा भाग घ्या. अनेकांच्या यादीत तो आजही पहिला असतो. कॅप्टन कर्क भूतकाळात जातो, एडिथ कीलर या बाईच्या प्रेमात पडतो, आणि त्याला कळतं की ती जगली तर इतिहास उलटा फिरेल, नाझी जिंकतील. ती रस्त्यात गाडीखाली येताना डॉक्टर मॅकॉय धावतो आणि कर्क त्याला धरून ठेवतो. हार्लन एलिसन यांच्या मूळ संहितेत मात्र कर्कला ते जमत नाही. प्रेमापुढे तो थिजतो आणि पुढचं काम स्पॉकला करावं लागतं. संहिता बदलली म्हणून एलिसन पुढे आयुष्यभर चिडून होते. गंमत अशी की त्यांच्या मूळ संहितेला लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि प्रत्यक्ष दाखवलेल्या भागाला ह्यूगो. म्हणजे कॅप्टननं काय करावं याची दोन उलट उत्तरं, आणि दोन्ही श्रेष्ठ! अनुवादक म्हणून मला ही गोष्ट फार ओळखीची वाटते. एका मजकुराची दोन रूपं, आणि दोहोंमध्ये माणूसच बदललेला.

एम.ए. झालं, आम्ही पांगलो. ती कोचीला गेली, मी हैदराबादला आले आणि अनुवाद करत राहिले. वाद फोनवर चालू राहिला. वर्षातून एखाददुसऱ्यांदा, बहुतेक वाढदिवसाला.

काही वर्षांपूर्वी माझी मावशी उदगीरहून तपासणीसाठी हैदराबादला आली. आमच्या भागातले पुष्कळ लोक मोठ्या दुखण्याला हैदराबादच गाठतात. माझं घर होतंच. डॉक्टर भले होते, पण त्यांची सवय इंग्रजीची. मावशी आणि मावसभाऊ समोर, मी मध्ये दुभाषी. डॉक्टरांनी चित्रं दाखवून सावकाश, नीट समजावलं. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. उपचारांनी फार तर काही महिने वाढतील, आणि ते महिनेही सुखाचे असतील असं नाही. काय करायचं ते त्यांनी स्वतः ठरवावं, असं ते म्हणाले. ‘त्यांनी’ म्हणजे मावशीनं. भावाला तेवढं इंग्रजी कळलं. त्यानं टेबलाखालून माझा हात दाबला.

मी मावशीला म्हणाले, ‘‘पोटात सूज आहे, औषधं दिलीत. दमानं उतार पडेल म्हणतात.’’

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘डॉक्टर एवढा वेळ बोलला, आन् तू एवढंच सांगितलीस?’’

मी म्हणाले, ‘‘इंग्रजीत लांबतं गं.’’

वीस वर्षं भाषांतराचं काम केलेल्या बाईचं हे वाक्य. दोन भाषांमध्ये मजकूर लांबतो-आखूडतो हे खरंच आहे. म्हणून तर ते खोटं इतकं सफाईनं निघालं. त्या उन्हाळ्यात मावसबहिणीचं लग्न होतं. मावशीनं ते हौसेनं केलं, मांडवात सगळ्यांना स्वतः वाढलं. सोलापूरच्या धाकट्या बहिणीशी तिचा शेतावरून बारा वर्षांचा अबोला होता. लग्नात ती आली नाही. ‘‘दिवाळीला मीच जाऊन येते, एवढी काय घाई,’’ मावशी म्हणाली. नवरात्र बसलं त्याच आठवड्यात ती गेली.

घरात सगळे म्हणाले, बरं केलंस, सुखानं गेली. मीही स्वतःला तेच सांगितलं. दुसऱ्यांदाही सांगितलं. तेव्हा सिस्को आठवला.

त्या वर्षी मैत्रिणीचा वाढदिवसाचा फोन झाला तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, ‘‘तू जिंकलीस. तुझाच भाग श्रेष्ठ.’’ मला वाटलं होतं ती माझी समजूत काढेल. ती आधी मावशीबद्दल बरंच विचारत राहिली. मग म्हणाली, ‘‘हे मला मान्य नाही. तो तुला लागू पडला, एवढंच. तुझ्या मावशीमुळे तो भाग चांगला ठरत नाही. एम.ए.ला काय वाचलं होतंस?’’

काय वाचलं होतं ते मला आठवलं. अभिनवगुप्त रसास्वादाच्या आड येणारी विघ्नं सांगतो, त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षकानं स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं. ज्याचं मूल नुकतंच गेलंय त्याला रंगमंचावरचा शोक दिसत नाही, स्वतःचं मूल दिसतं. साधारणीकरण होत नाही. म्हणजे आयुष्यानं आपल्याला अधिकार दिला असं वाटतं, तेव्हाच कदाचित आपण सर्वांत वाईट प्रेक्षक असतो. आणि जन्मभर कुठलाच घाव न लागलेला माणूस सहृदय कसा होणार, हेही आहेच. घाव लागलेला हवा, पण त्यावरचा हात काढून समोर बघता यायला हवं.

त्या रात्री मी तो भाग पुन्हा पाहिला, या वेळी मावशीला बाजूला ठेवून. आणि मला एक गोष्ट दिसली, जी कॉलेजात भांडण्याच्या भरात सुटली होती. सिस्को नोंद पुसतो. सिनेटर मेला आहे, बनावट पुरावा करणाराही मेला आहे, गारक बोलणार नाही. म्हणजे खरी हकिगत फक्त एका जागी उरते, ती म्हणजे बघणाऱ्याकडे. तो भाग सिस्कोला माफ करत नाही आणि शिक्षाही करत नाही. तो आपल्याला साक्षीदार करून निघून जातो. प्रेक्षकाची सोय केली आहे असं मी म्हणायचे, ते साफ चुकलं होतं. सोय सिस्कोची झाली आहे. प्रेक्षकाची अडचण झाली आहे. हे कारण पटायला कुणाची मावशी जावी लागत नाही.

मग माझा आवडता भाग आठवला, आणि तिथंही तेच दिसलं. एक अख्खा ग्रह संपलेला, आणि जे घडलं ते एकाच माणसाजवळ उरलेलं. एका भागात ओझं आठवणीचं आहे, दुसऱ्यात अपराधाचं. सांभाळायचं दोन्हीकडे आहे. चौकशीच्या नादात श्रेयनामावली पाहिली, तर ‘द इनर लाइट’च्या दोन पटकथाकारांपैकी एक पीटर अ‍ॅलन फील्ड्स, आणि ‘इन द पेल मूनलाइट’ची कथाही त्यांचीच. दोन वर्षं आम्ही एकाच लेखकाच्या दोन बाजू घेऊन भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सगळं सांगितलं. साक्षीदाराचा मुद्दा ऐकून ती म्हणाली, ‘‘आता बोललीस.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘पण फील्ड्सचं नाव दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत.’’ तिचं बरोबर आहे. मी अजूनही ‘द इनर लाइट’च श्रेष्ठ मानते आणि माझ्याकडे आता पूर्वीपेक्षा बरी कारणं आहेत. तिच्याकडेही आहेत.

यंदा सोलापूरला धाकट्या मावशीकडे जायचं मी ठरवलं आहे. डॉक्टर त्या दिवशी काय काय म्हणाले, आणि मोठी बहीण दिवाळीला तिच्याकडे येणार होती, हे तिला सगळं सांगायचं आहे. या वेळी काही न गाळता.