दातांमधली फट

पुणे जिल्ह्यातील खोडद येथे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत 30 अँटेना असून, प्रत्येकीची तारांच्या जाळीची तबकडी 45 मीटर व्यासाची आहे. तिला पेलणारी बैठक उन्नतांश-दिगंश पद्धतीची, म्हणजे एका अक्षाभोवती वर-खाली आणि दुसऱ्याभोवती क्षितिजाला समांतर वळणारी आहे. पृथ्वी तासाला 15 अंश फिरत असल्यामुळे एखाद्या दीर्घिकेवर रोख राखायचा, तर तबकडी या दोन्ही अक्षांभोवती दातेरी चाकांच्या साहाय्याने अखंड, अत्यंत सावकाश वळवावी लागते. खरी कसोटी येथेच लागते. कारण या चाकांच्या दातांमधली बारीक फट, जिला किर्लोस्करवाडी वा साताऱ्याच्या कारखान्यांतील कामगार ‘प्ले’ म्हणून ओळखतो, ती दिशा पालटताना एवढ्या अवजड तबकडीला हिसका देऊ शकते. त्यावरचा उपाय फार सुंदर आहे. प्रत्येक अक्षावर दोन मोटारी बसवून त्यांना परस्परांविरुद्ध किंचित ओढत ठेवले जाते, त्यामुळे दात सदैव एकमेकांना भिडून राहतात. स्थापत्य, यंत्र आणि विद्युत या शाखांची माणसे एकत्र बसल्याखेरीज हे साधत नाही, कारण पायाच्या काँक्रीटची पातळी किंचित ढळली, तरी नियंत्रणकक्षात मांडलेले कोनांचे गणित पुन्हा करावे लागते.